रिकामा नमुना

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही सूनबाईने आणून दिली. स्कूटरवर जाता-येता मी अखंड बोलतो आणि तिला हेल्मेटमध्ये त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. "बाबा, तुम्ही लिहूनच ठेवत जा. मी सवडीने वाचेन." गप्प बसा म्हणायची ही सभ्य रीत. बारा वर्षं नर्सची नोकरी केली की माणूस असं बोलायला शिकतं.

तर नोंद. मी हॉस्पिटलच्या जंतू-प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ आहे. एप्रिलअखेर निवृत्त. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येतो आणि पहिले चार दिवस जमीन हलतेय म्हणतो. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी आणि सूनबाई. ती नवजात विभागात, कमी दिवसांच्या बाळांकडे. आम्ही पाळ्या एकच लावून घेतल्या आहेत, म्हणजे एका स्कूटरवर भागतं. निघताना मी विचारतो, "धरलंस का?" ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "धरलंय." मग मी क्लच सोडतो. तीन वर्षांत यात खंड नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवजात विभागातल्या आणखी एका बाळाच्या नाभीच्या स्वॅबमध्ये तोच जंतू निघाला. डिसेंबरपासून हे सातवं बाळ. जंतू हट्टी आहे, साध्या औषधांना दाद देत नाही. गंमत अशी, की बाळं दिसायला ठणठणीत आहेत. दूध पितात, रडतात, वजन वाढतंय. बाळं चांगली आणि रिपोर्ट वाईट. पण डॉक्टर रिपोर्टावर चालणार. सातही बाळांना जबर औषधं लावली आणि वेगळ्या खोलीत हलवलं. आयांना काचेबाहेर उभं केलंय.

त्या बाळांचे स्वॅब माझ्या टेबलावर येतात तेव्हा मी ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही. तिळाएवढ्या नाभीवरून फिरवलेला कापूस तो, येईपर्यंत सुकून जातो. त्यावर सलाइनचे दोन थेंब सोडायचे, ओला करायचा आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढायचा. हात हलका लागतो. थेंबांसाठी माझी काचेची बाटली आहे, एकोणीस वर्षांची. सगळे तिला म्हातारी म्हणतात. नवीन लोक प्लास्टिकची छोटी पाकिटं फोडतात, दोन थेंब घेतात आणि उरलेलं फेकून देतात. मला नाही बघवत. वाफेने निर्जंतुक करायचा छोटा ऑटोक्लेव्ह डिसेंबरात बिघडल्यापासून म्हातारीला उकळता आलेलं नाही, पण मी तिला कोरडी पडू देत नाही. अर्धी झाली की नवीन निर्जंतुक सलाइनची भर घालतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवजात विभागाच्या सगळ्या नर्सेसच्या हातांचे स्वॅब घेतले. बेसिन, नळ, दुधाची भांडी, सगळ्यांचे घेतले. एकवीस नमुने. बाकीचे वीस शेजारच्या टेबलाने केले. सूनबाईचा मी स्वतः केला. घरच्या माणसाचा नमुना घाईगर्दीत कुणाच्या तरी हाती कसा द्यायचा? शांतपणे, नियमाने केला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वीस कोरे. एकात जंतू. तिच्यात.

मी प्लेट तीनदा पाहिली. मग रजिस्टरात लिहिलं, माझ्या अक्षरात, आणि खाली सही केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लपवायचं मनातही आलं नाही हे खरं, पण लिहिताना पेन दोनदा थांबलं हेही खरं.

दुपारी बैठक झाली. मेट्रनने पाळ्यांचा तक्ता काढला. सातही बाळांचे स्वॅब सूनबाईच्या पाळीत घेतलेले. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तिला चादरी-कपड्यांच्या विभागात पाठवलं. आमचे साहेब मला म्हणाले, "तुम्ही घरचे. नवजात विभागाच्या नमुन्यांना आता हात लावू नका." बरोबरच आहे.

येताना तिने माझा खांदा धरला नाही. "धरलंस का?" विचारलं तर म्हणाली, "धरलंय." वळून पाहिलं, तर मागची दांडी धरून बसली होती. रागावली आहे. सही माझी ना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ती नवजात विभागातून गेली आणि जंतूही गेला. त्यानंतरचे सगळे स्वॅब कोरे. बाळं आयांकडे परत गेली. कॅन्टीनमध्ये मी शिरलो की बोलणी थांबतात.

घरी तर नवीनच नियम निघालेत. ताट मी माझं वाढून घ्यायचं. माझे कपडे मीच घडी घालायचे. पायाच्या जखमेची पट्टी ती रोज बदलायची (मला साखर आहे, जखम लवकर भरत नाही), आता म्हणते बाहेरच्या दवाखान्यात जा. एवढा राग! तीन वर्षं लेकीसारखी वागवली. ज्याचं करावं भलं... जाऊ दे. ती वाचणार आहे ही वही.

दिवसभर हात धुते. नळाचा आवाज ऐकून ऐकून मला वेड लागायची पाळी आली. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात. मलमाची ट्यूब आणून टेबलावर ठेवली. काही बोललो नाही. मीही रागावलेलो आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोगशाळेत एक बाई आल्या आहेत, चाळिशीच्या, विद्यापीठातून. जंतूंचे जीनोम जोडतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव तुकडेबाई ठेवलंय. बरोबर मशीन आणलंय ते स्टेपलरएवढं. मला वाटलं खोकं अजून यायचंय.

त्यांनी समजावलं ते असं. जंतूचा सगळा डीएनए म्हणजे पन्नासेक लाख अक्षरांची एक माळ, दोन्ही टोकं जुळलेली, गोल. जुन्या पद्धतीत तिचे दीडदोनशे अक्षरांचे बारीक तुकडे करून वाचायचे आणि कॉम्प्युटरने ते जुळवायचे. पण तीच ओळ माळेत सात जागी आली, तर तो तुकडा नेमका कुठला? म्हणून गोल पुरा व्हायचाच नाही. आमच्या जंतूचेही बाहेरून करून आणले होते, एकशे त्रेचाळीस तुकडे आले. या नव्या मशीनमधून धागा अख्खा ओवला जातो, एका दमात हजारो अक्षरं. मग गोल बंद होतो. गोल बंद झाला, की कोणता जंतू कुणाकडून आला ते अक्षराच्या फरकाने सांगता येतं.

आठ नमुने आहेत, सात बाळं आणि आठवी ती. गोठवून ठेवलेले. डीएनए काढायचं काम माझ्याकडे, कारण दुसऱ्या कुणाचा हात बसलेला नाही. साहेब कुरकुरले, तेव्हा तुकडेबाईंनी नळ्यांवरची नावं काढून नुसते आकडे टाकले. कोणता आकडा तिचा ते मला माहीत नाही. सगळेच तिचे समजून काम करतोय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फसलं. धागे आलेच नाहीत, सगळा भुगा. तुकडेबाई मला काम करताना बघत होत्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही नळी हलवता कशी?" कशी म्हणजे? जशी एकतीस वर्षं हलवतो तशी. मशीनवर धरून गरगर, वर दोन टिचक्या. "लांब धागा असा तुटतो. जुन्या पद्धतीत तुटला तरी चालायचा, याच्यात नाही. नळी नुसती कलती करायची, हळू. वीस वेळा." हळू केली. हात आपोआप टिचकी मारतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जेवताना नळीची रडकथा सांगितली. सांगायची नव्हती, पण या घरात दुसरं ऐकणारं कोण आहे? सूनबाई दहा दिवसांनी हसली. म्हणाली, "बाबा, आठशे ग्रॅमचं बाळ कुशीवर कसं वळवतात माहितेय?" टॉवेलची गुंडाळी करून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः पार दाराशी जाऊन उभी राहिली, हात ओढणीत गुंडाळून.

"उचलायचं नाही. एक तळवा खाली, एक वर. आधी थांबा. त्याला कळू द्या तुम्ही आलात ते. आता तुमचा श्वास बाहेर सोडताना वळवा. अहो, असं नाही! बाळ आहे ते, भाजीची पिशवी नव्हे."

माझं कोपर वर उचललं जात होतं. पुढे येऊन मनगट धरून दाखवायचं, तर हिने लांब डाव घेतला आणि त्या डावाने माझं कोपर खाली दाबलं! मला हसावं की रडावं कळेना. हात लावला असता तर काय झिजली असती?

पण पंधरा वेळा टॉवेल वळवला. शेवटी म्हणाली, "हां. आता झोपमोड नाही झाली त्याची."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गोल बंद झाला!

आठही नळ्या श्वास सोडत वळवल्या. थांबायचं, कळू द्यायचं, मग वळवायचं. तुकडेबाईंनी स्क्रीनवर दाखवलं. त्रेपन्न लाख अक्षरांचा एक मोठा गोल आणि शेजारी त्याच जंतूचा एक छोटा. कुठेही फट नाही. एकशे त्रेचाळीस तुकड्यांचा एक गोल, आणि तो माझ्या हाताने निघालेल्या धाग्यांवर उभा. एकतीस वर्षं ज्यांचे नुसते डाग बघितले, त्यातल्या एकाला पहिल्यांदा अख्खं पाहिलं. डोळे भरून आले. चष्मा पुसायचं सोंग केलं.

घरी सांगितलं. "झोपमोड नाही झाली," म्हटलं. ती म्हणाली, "आणि निकाल?" म्हटलं, उद्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आठही एकच आहेत. त्रेपन्न लाख अक्षरांत एकदोन अक्षरांचाही फरक जेमतेम. म्हणजे तिच्या हातावरचा आणि बाळांचा जंतू एकच. हे मशीन खोटं बोलत नाही.

मी खुर्चीत बसून राहिलो. तुकडेबाई मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "इतके एक आहेत, की मला आवडत नाही. या बाळाकडून त्या बाळाकडे, हातावरून हातावर दहा आठवडे फिरला असता, तर प्रत्येक वाटेवर त्याची वेगळी अक्षरं चुकली असती. इथे वाटाच नाहीत. तारखेप्रमाणे एक सरळ रेघ आहे. एकाच टाकीतून आठ जणांनी वेगवेगळ्या दिवशी पाणी भरावं तसं. शिवाय हा पाण्यात जगणारा जंतू आहे, कोरड्या कातडीवर याचा निभाव लागायचा नाही. नळ, बेसिन बघितले?"

बघितले. कोरे होते.

मग मी म्हटलं, रिकामा नमुना लावलात का? त्यांनी लावला नव्हता. मला सात्त्विक संताप आला. नियम म्हणजे नियम. जंतू सोडून बाकी सगळं तेच घ्यायचं, तेच हात, तीच रसायनं, आणि त्यात काहीही निघालं नाही पाहिजे. तेव्हा कुठे बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. त्यांनी कान पकडला. मी स्वतः रिकामा नमुना तयार करून दिला.

४ मार्च, मंगळवार

रिकाम्या नमुन्यात तोच गोल निघाला.

मी तुकडेबाईंना नाही नाही ते बोललो. नळ्या बदलल्या असतील, आकडे चुकले असतील, तुमच्या खेळण्याला आता सगळीकडे तोच दिसतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, मी तीनदा लावला."

५ मार्च, बुधवार

सकाळी लवकर गेलो. कागदावर लिहून काढलं, रिकाम्या नमुन्यात काय काय होतं. नळ्या, पाकीटबंद. पिपेटची टोकं, पाकीटबंद. रसायनं, सीलबंद आणि नवी. आणि सलाइन.

सलाइन म्हातारीतलं.

बाटली उजेडात धरली. पाणी स्वच्छ दिसतं. ओतून घेऊन हातमोजा घातलेलं बोट आत तळाशी फिरवलं. बुळबुळीत लागलं. रिकामी करून, धुऊन, उकळून मग भरायची, हा नियम मीच दोन पिढ्यांना शिकवला. आणि डिसेंबरपासून मीच नुसती भर घालत आलो, चार थेंब वाया जाऊ नयेत म्हणून. पाणी नवं, तळ जुना.

मग एकेक उलगडत गेलं. बाळांना काही झालेलंच नव्हतं, जंतू माझ्या दोन थेंबांत होता. तिच्या पाळीतलेच स्वॅब का? कारण तिची पाळी तीच माझी पाळी, एका स्कूटरवर येतो म्हणून. एकवीस नमुन्यांत तिचाच का? कारण तेवढा एकच मी माझ्या हाताने केला. ती गेल्यावर जंतू का थांबला? कारण त्याच दिवशी मलाही बाजूला केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्रेपन्न लाख अक्षरं वाचून मी माझ्या टेबलावर पोचलो.

म्हातारीतले दोन थेंब प्लेटवर टाकून ठेवलेत. काय उगवणार ते ठाऊक आहे, तरी उद्यापर्यंत थांबायला हवं.

६ मार्च, गुरुवार

प्लेट गच्च भरली आहे.

साहेबांना दाखवली. त्यांनी ती टेबलावर उलटी ठेवली. मग दार लावून म्हणाले, "आठ आठवडे राहिलेत तुमचे. स्रोत सापडला नाही, संसर्ग थांबला, असं लिहू. बाटली फोडून टाका. तुमच्या सुनेचा हात पुन्हा तपासू, कोरा येईल, महिन्याभरात ती परत जागेवर. कुणाचंच वाईट नाही."

माणूस वाईट नाही तो. माझ्या भल्याचंच बोलला. आणि मीही संत नाही, पाच मिनिटं तो विचार मला गोडच वाटला. एकतीस वर्षांत एकही रिपोर्ट परत आलेला नाही माझा. निरोपाच्या सभेत तेच सांगणार होते सगळे. पण मग तो नळाचा आवाज आठवला. स्रोत सापडला नाही म्हटलं, तर तिच्यापुरता तो सापडलेलाच राहणार. म्हटलं, "साहेब, बाटली सील करून चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवर माझं नाव आहे."

७ मार्च, शुक्रवार

बैठकीत उभं राहून सांगितलं. मेट्रनने पाळ्यांचा तक्ता घडी करून ठेवला.

मग आयांना सांगायला गेलो. डॉक्टर म्हणाले, आम्ही सांगू. म्हटलं, नको. सहा जणी ऐकून रडल्या, एकदोघी हसल्याही, बाळाला काही नव्हतंच म्हणून. सातवी तेवढी रडली नाही. मग म्हणाली, "नऊ दिवस मी त्याला काचेतून बघितलं. पहिले नऊ दिवस." हात जोडून उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते बरोबर होतं.

संध्याकाळी घरी, चहा करून, सूनबाईला समोर बसवून पहिल्यापासून सांगितलं. बाटली, भर, दोन थेंब, सगळं. ती माझ्याकडे नाही, स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती.

"म्हणजे माझे हात स्वच्छ होते?"

"होते. कायमच होते."

"मला वाटायचं, सात बाळं... आणि आता तुमचा पाय. तुम्हाला माझ्यामुळे काही झालं असतं, तर तुमच्या मुलाला मी काय सांगणार होते?"

तेव्हा मला कळलं. ताट, कपडे, पट्टी, दांडी, तो डाव. मी गाढव. दोन महिने जंतू शोधतोय आणि तीन आठवडे पोर माझ्यापासून हात लपवत हिंडतेय ते दिसलं नाही. राग समजून बसलो.

"अगं, एकदा विचारायचंस तरी मला, की बाबा, परत तपासा म्हणून."

ती उठली. दारात थांबली. "रजिस्टरात तुमची सही होती. तुमचं चुकत नाही, हे मला माझ्या हातांपेक्षा जास्त माहीत होतं."

दार लावून घेतलं तिने. चहा दोन्ही कपांत तसाच राहिला.

९ मार्च, रविवार

काल दिवसभर बोलली नाही. आजही नाही. पण नळाचा आवाज नव्हता. मलमाच्या ट्यूबचं टोपण उघडं दिसलं. दुपारी मी माझ्या कपड्यांच्या घड्या घालत होतो, तर येऊन बाजूला बसली, माझा शर्ट हातातून काढून घेतला आणि बाही सरळ केली. मग उठून गेली.

१० मार्च, सोमवार

आज तिला परत नवजात विभागात घेतलं. मेट्रन दाराशी येऊन उभ्या होत्या. माझी चौकशी चालू आहे, तोवर मी फक्त प्लेट धुतो. नियमाने धुतो.

पण लिहायचं ते सकाळचं. स्कूटर काढली, हेल्मेट घातलं. ती मागे बसली. मी रोजचं विचारलंच नाही. कुठल्या तोंडाने विचारायचं, मला धरलंस का म्हणून? नुसता क्लच दाबून बसलो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

"बाबा, निघा ना. धरलंय."

खांद्यावर हात होता. अजून भेगा भरलेल्या नाहीत, स्वेटरचे धागे तिच्या बोटांना अडकत होते. तिने तो सोडवून घेतला नाही. मी क्लच सोडला, हळू, श्वास बाहेर सोडताना.

रस्ताभर मी एक शब्द बोललो नाही. उतरल्यावर हेल्मेट काढत म्हणाली, "आज काहीच बोलला नाहीत?"

"लिहून ठेवलंय," म्हटलं.

वही तिच्या टेबलावर ठेवतोय. सूनबाई, सवडीने वाच. मलमाच्या हाताने पानं चिकटली तरी चालतील.